तीनशे बारा जणांना उपयोगी

"कुणी दिला हा?" स्वप्नालीनं दारातूनच विचारलं.

"रिक्षावाल्यानं. तुझ्या घरून आलाय म्हणाला."

ती आत आली नाही. माझ्या टेबलाच्या कडेला तीन पुडांचा स्टीलचा डबा होता, झाकणावर तिचं नाव घातलेला. आला तेव्हा मी कामात होते, म्हणून तिला अर्ध्या तासानं बोलावलं होतं. मला वाटलं होतं, घरचं जेवण बघून पोरगी खूश होईल. चार दिवस ती मेसच्या ताटात नुसती बोटं फिरवत होती.

"मॅडम, उघडून बघता?"

मी झाकण काढलं. भरली दोडकी होती, ज्वारीच्या दोन भाकरी, तिसऱ्या पुडात लसणाची चटणी.

"मला आवडतात दोडकी," ती म्हणाली आणि दाराची चौकट धरून खाली बसली.

मिरजेत नोकरदार महिलांचं एक छोटं वसतिगृह आहे. तिथं मी अकरा वर्षं रेक्टर होते. राहणाऱ्या चाळीसेक जणी, त्यातल्या निम्म्या तरी नर्सेस. माझं काम तसं हलकं. गेटची किल्ली, मेसचा किराणा, पाण्याच्या टाकीची तक्रार. उरलेल्या वेळात मला एक छंद होता. ऑनलाइन घेतलेल्या प्रत्येक वस्तूबद्दल मी मत लिहायचे. इस्त्रीची वायर किती लांब आहे, मिक्सरच्या झाकणातून वाटण बाहेर उडतं का, कुठला इअरफोन कानात दुखतो, सगळं नीट आणि मराठीत. खाली लोक प्रश्न विचारायचे, त्यांना उत्तरं द्यायचे. त्या साइटनं माझ्या नावापुढं निळी खूण दिली होती. वसतिगृहातल्या मुली मला विचारल्याशिवाय मोबाईल घेत नसत. एकीला मोबाईलवर गेम खेळायचं वेड. कुठला फोन कमी तापतो असं तिनं विचारलं, तर मी स्वतः आठ दिवस तो गोळीबाराचा गेम खेळले आणि मग सांगितलं. "मॅडमना विचारा," हे तिथं सगळ्यांच्या तोंडी असायचं. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

स्वप्नाली सागरे आली ती फेब्रुवारीत. वय एकोणतीस. कोल्हापूरच्या एका संस्थेतल्या बाईंची चिठ्ठी तिच्याकडं होती. सामान म्हणजे खांद्याला एक कापडी बॅग. मोबाईल नव्हता. "घरी ठेवून आले," एवढंच ती म्हणाली होती. त्या बाईंनी फोनवर मला सांगितलं होतं, मुलगी नवऱ्याकडून निघून आली आहे, कुणालाही पत्ता देऊ नका. मी दिला नव्हता. तिच्या आईलासुद्धा ती कुठं आहे ते माहीत नव्हतं.

त्या दुपारी दाराशी बसून तिनं मला सांगितलं. याआधी ती दोनदा निघाली होती. पहिल्यांदा फलटणला मावसबहिणीकडं, दुसऱ्यांदा इचलकरंजीला शाळेतल्या मैत्रिणीकडं. दोन्हीकडं चौथ्या-पाचव्या दिवशी डबा आला. डब्याच्या मागून तो आला. धनंजय. हात उगारत नाही, आवाज चढवत नाही. दारात उभा राहून म्हणतो, "चल, घरी चल. किती दिवस लोकांना त्रास देणार?" मग मावसबहीण म्हणते, चांगला तर आहे गं माणूस. घरी गेल्यावर मोरीच्या दाराची आतली कडी काढून टाकलेली असते. दुकानात जायचं तर तो घड्याळ बघून वेळ सांगतो. एक मिनिट उशीर झाला तर दोन-दोन दिवस तिच्याशी कुणी बोलत नाही, ताट वाढत नाही.

"त्यांना कळतं कसं पण?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. "सासूबाईंनी केलंय," ती हळूच म्हणाली. "माझे केस नेलेत त्यांनी देवऋष्याकडं. मला तोंडावर सांगितलंय, कुठंही जा, तुझी सावली आमच्याकडं ठेवलीय."

"असलं काही नसतं, स्वप्नाली."

"मलाही आधी तसंच वाटायचं."

मला तिचा थोडा रागच आला. बारावी झालेली मुलगी. मी म्हटलं, कुणीतरी माणूसच सांगत असणार, आणि माणूस असेल तर मी शोधून काढते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला तो स्वतः आला. गेटवर मीच गेले. पांढरा इस्त्रीचा शर्ट, हातात हेल्मेट, बोलणं मऊ.

"नमस्कार मॅडम. मी धनंजय सागरे. डबा न्यायला आलो होतो."

मी डबा आणून दिला. त्यानं तो हलवून पाहिला. भरलेलाच होता.

"जेवली नाही वाटतं," तो म्हणाला. "काल सकाळी मंडईत गेली होती ना, ऊन फार होतं. तिला ऊन सोसत नाही."

आदल्या सकाळी ती खरंच मंडईत गेली होती, तासाभरासाठी.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माझं माणूस आहे, मॅडम. मला कळतं."

आत पुरुषांना येता येत नाही असं मी सांगितलं. त्यानं वादही घातला नाही. समोर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं, तिथल्या छत्रीखाली जाऊन तो खुर्चीवर बसला. अधूनमधून मोबाईल काढून बघायचा, परत खिशात ठेवायचा. एकदाही त्यानं वर आमच्या खिडक्यांकडं बघितलं नाही. जणू बघायची गरजच नव्हती.

मंडईत स्वप्नालीबरोबर एस्तेर गेली होती. एस्तेर भोरे ही तिची खोलीतली जोडीदारीण, हॉस्पिटलमध्ये नर्स. आमच्याकडं सहा वर्षं राहात होती. शांत, कामाची मुलगी. मी तिला ऑफिसात बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"धनंजय सागरे नावाच्या माणसाला ओळखतेस?"

"नाही."

"काल तुम्ही मंडईत गेलात हे त्याला माहीत आहे. तुझ्याशिवाय बरोबर कुणी नव्हतं."

तिनं मोबाईल उघडून टेबलावर ठेवला. "बघा."

मी बघितलं. आज लिहायला नको वाटतं, पण मी बघितलं. कॉल, मेसेज, फोटोसुद्धा. त्यात हॉस्पिटलची ड्युटी होती, चर्चचा गट होता, आणि जयसिंगपूरला तिच्या आईला सांभाळणाऱ्या बाईंचे मेसेज होते. दुसरं काही नाही.

"झालं, मॅडम?" तिनं मोबाईल उचलला. "दोन वाजता ड्युटी आहे माझी."

माझं चुकलं असं मी म्हटलं नाही.

एकच्या सुमाराला मी वर त्यांच्या खोलीत गेले. एस्तेर आरशासमोर केस बांधत होती. स्वप्नाली बॅग भरत होती.

"कुठं निघालीस?"

"खाली बसलाय ना तो. त्याच्याबरोबर जाते." तिच्या आवाजात रडूसुद्धा नव्हतं. "दुसरीकडं गेले तरी तेच होणार. तुम्हाला कशाला ताप? आणि मॅडम, तो आवाजही यायला लागलाय परत."

"कसला आवाज?"

"बारीक. पाखराच्या पिल्लासारखा. मी एकटी असले की येतो. इचलकरंजीत आला होता, मैत्रिणीला ऐकू आला नाही. काल रात्रीपासून इथं येतोय. सासूबाईंचं आहे ते. मला हाक मारतंय."

एस्तेरच्या हातातली पिन थांबली. "मलाही आला," ती म्हणाली. "पहाटे. मला वाटलं, खिडकीत चिमणी आहे."

मी खाटेवर बसले. मला तो आवाज माहीत होता. किल्ल्या, पाकीट, सामान हरवू नये म्हणून एक छोटी गोल चकती मिळते. रुपयाच्या नाण्याएवढी, जरा जाड. ती कुठं आहे ते मालकाला मोबाईलवर दिसतं. मालकापासून बराच वेळ लांब राहिली की ती मधूनच बारीक वाजते. अशी चकती मी वापरली होती.

"फलटणला जाताना काय काय होतं तुझ्याजवळ?" मी विचारलं. "इचलकरंजीला? तिन्ही वेळा बरोबर असलेली वस्तू कोणती?"

"ही बॅगच. आईनं शिवलीय. काल मंडईतही हीच नेली होती. दुसरं माझं असं काही नाहीच."

आम्ही बॅग पलंगावर उलटी केली. दोन साड्या, गाऊन, टॉवेल, कागदपत्रांची पिशवी. सगळं झटकून पाहिलं. मग एस्तेरनं रिकामी बॅग हातात घेऊन सगळीकडून दाबून बघितली. नर्सचे हात, ज्यांना शीर सापडते. "काही नाही लागत," ती म्हणाली.

मी बॅग घेतली. तळाचा पुठ्ठा वर उचलला, उजव्या कोपऱ्यात अस्तराच्या शिवणीवर अंगठा ठेवला आणि एस्तेरकडं कात्री मागितली. बाकी कुठं मी शोधलंच नाही. शिवण उसवली. आतून कातडीच्या रंगाचा ब्लाउजचा जुना पॅड निघाला, त्याला मधोमध चीर देऊन ती पुन्हा टाके घालून बंद केलेली. टाके उसवले तशी पांढरी चकती माझ्या तळहातावर पडली.

स्वप्नाली तिच्याकडं बघत राहिली. "हे काय आहे?"

मी सांगितलं. तिला दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि पहिल्यांदाच रडली. खूप रडली. मग माझ्या पायांना हात लावायला वाकली.

"तुम्हाला बरोबर जागा कशी कळली, मॅडम? एस्तेरताईला तर काही लागलं नाही."

"हाताला लागलं," मी म्हणाले.

एस्तेर माझ्याकडं बघत होती. तिनं फोन करून हॉस्पिटलला ड्युटी बदलून मागितली.

पोलिस ठाण्यात जायचं ठरलं. स्वप्नाली तोंड धुवायला गेली तेवढ्यात मी खाली ऑफिसात आले, कॉम्प्युटर उघडला आणि त्या चकतीच्या पानावर गेले. चौदा महिन्यांपूर्वीचं माझं उत्तर तिथं वरच होतं. कुणीतरी विचारलं होतं, बॅगेत ठेवलं तर हाताला लागू नये म्हणून काय करावं. आणि मी लिहिलं होतं, कारण मी ते माझ्या भाचीच्या दप्तरासाठी केलं होतं. ओवीचं दप्तर शाळेत सारखं हरवायचं, चकती वर्गात वाजायची आणि बाई रागवायच्या. म्हणून ब्लाउजचा जुना पॅड घ्यायचा, मधोमध चीर द्यायची, चकती आत घालून टाके घालायचे, तळाच्या पुठ्ठ्याखाली उजव्या कोपऱ्यात अस्तराच्या शिवणीत बसवायचं. आवाज दबतो. वरून कितीही चाचपलं तरी हाताला लागत नाही. स्वानुभव. खाली त्या माणसानं लिहिलं होतं, ताई, फार छान समजावलंत. नावाच्या जागी नुसती दोन अक्षरं होती, ती कुणाचीही असू शकत होती. आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात, हे उत्तर तीनशे बारा जणांना उपयोगी वाटलं.

मी ते काढून टाकलं. एक बटण दाबलं आणि ते गेलं. पण ते तीनशे बारा जण कुठं जाणार होते?

ठाण्यातल्या महिला उपनिरीक्षक तरुण होत्या, समजूतदार होत्या. जबाब लिहून घेताना त्यांनी पॅड उलटसुलट करून बघितला. "हे वरून कळतच नाही. तुम्हाला कसं सापडलं?"

शेजारी स्वप्नाली बसली होती, तिचा हात माझ्या हातावर होता. पलीकडच्या बाकावर एस्तेर.

"बॅग चाचपताना हाताला लागलं," मी दुसऱ्यांदा म्हणाले. बाईंनी ते लिहून घेतलं आणि मी सही केली.

धनंजयला त्यांनी गुऱ्हाळावरूनच आणलं. तो तिथंही मऊच बोलला. बायकोची काळजी घेणं हा गुन्हा आहे का, असं त्यानं विचारलं. पुढं कोर्टात त्याच्या वकिलानं माझं तेच वाक्य धरलं. जे कुणाच्याच हाताला लागत नाही ते या बाईंच्या हाताला कसं लागलं? म्हणजे चकती बॅगेत उघडीच होती, अस्तरात यांनीच घातली. त्या चकतीचा पुरावा तिथंच बाद झाला. बाकीच्या गोष्टींवर स्वप्नालीला घटस्फोट मिळाला, त्यानं लांब राहण्याचं लिहून दिलं, पण त्याला अडीच वर्षं लागली. मी खरं सांगितलं असतं तर कदाचित कमी लागली असती. कदाचित नाही. वकिलांना विचारायचा धीर मला झाला नाही.

ती बेळगावला गेली, एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. मधूनमधून फोन करायची. आईनं शिवलेली बॅग तिनं ठाण्यातून परत घेतलीच नव्हती. त्यानंतर ती कुठंही जाताना दुकानातली पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी वापरते असं तिनं सांगितलं. आतलं सगळं बाहेरून दिसतं, बरं वाटतं. आणि ती अजून मानते की सासूबाईंनी केलं होतं ते खरंच होतं, माझा हात लागला म्हणून सुटलं.

मी मतं लिहायची बंद केली. मुली विचारायच्या, मी म्हणायचे, आता मला तेवढं कळत नाही. स्टँडवर, दवाखान्यात, लग्नात एखाद्या बाईच्या मांडीवर पर्स दिसली की माझे डोळे तळाच्या उजव्या कोपऱ्याकडं जातात. एकदा सांगलीच्या बाजारात मी एका अनोळखी बाईला थांबवलं आणि म्हटलं, तुमच्या बॅगेचं अस्तर एकदा उसवून बघा. ती घाबरून बाजूला झाली. तिच्या नवऱ्यानं मला विचारलं, काय हो, काय पाहिजे तुम्हाला? मी तशीच पुढं निघून गेले.

पुढच्या वर्षी एस्तेरला दुसऱ्या गावी नोकरी लागली. किल्ली परत द्यायला ती ऑफिसात आली. किल्ली टेबलावर ठेवून बसली.

"मॅडम, ते उत्तर तुम्ही काढून टाकलंत."

मी वर बघितलं.

"माझी आई घरातून निघून जायची. तुम्हाला माहीतच आहे, तिला काही आठवत नाही. तुमचं वाचून मी तिच्या कापडी बटव्यात शिवलं होतं. ब्लाउजचा पॅड घालून. दोनदा सापडली त्यामुळं. त्या तीनशेमध्ये मी पण आहे."

"म्हणजे त्या दिवशी तुला…"

"पॅड निघाला तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस? मला नाही, निदान ठाण्यात?"

"तुम्ही माझा मोबाईल बघितलात," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मला वाटलं, आधी तुम्ही काहीतरी बोलाल. माझ्याशी किंवा तिच्याशी. मी वर्षभर वाट बघितली."

मी तिची माफी मागितली. तिनं मान हलवली, पण मी उशीर केला होता हे दोघींनाही कळत होतं. निघताना ती म्हणाली, "मला नका सांगू. तिला सांगा."

मी लगेच सांगितलं नाही. स्वप्नालीचा फोन यायचा, ती हसून बोलायची, आणि मी म्हणायचे पुढच्या वेळी. घटस्फोट होऊ दे, नोकरी पक्की होऊ दे. अशी जवळजवळ तीन वर्षं गेली.

गेल्या मार्चमध्ये एका रविवारी दुपारी तिचा फोन आला. आवाज आनंदात होता. स्वतःच्या खोलीसाठी कपडे धुण्याचं मशीन घ्यायचं होतं. दोन कंपन्यांची तिला पसंत पडली होती. "तुम्ही सांगाल तेच घेणार. वरून भरायचं का पुढून?"

मी म्हणाले, "स्वप्नाली, मला तुला एक सांगायचंय." आणि सांगितलं. चकतीचं पान, प्रश्न, माझं उत्तर, भाचीचं दप्तर, ब्लाउजचा पॅड. हाताला लागलं नव्हतं, मला माहीत होतं. पोलिसांना मी खोटं सांगितलं. कोर्टात त्यामुळं तुझं नुकसान झालं. मी न थांबता बोलले, कारण थांबले असते तर पुढं गेले नसते.

पलीकडं कुठंतरी नळ चालू होता. तो बंद झाला.

"त्यानं काय लिहिलं होतं?" तिनं विचारलं. "जसंच्या तसं सांगा."

मला पाठ होतं. "बायको फार भोळी आहे. कुठंही निघून जाते. तिला त्रास न होता तिची काळजी घ्यायची आहे. बॅगेत ठेवलं तर तिच्या हाताला लागू नये म्हणून काय करावं?"

मी म्हणाले, "तोच होता असं नाही. दुसरा कुणीही असेल. नाव नव्हतं."

"तोच तो," स्वप्नाली म्हणाली. "भोळीच म्हणायचा मला. चारचौघात."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्यानं विचारलं आणि तुम्ही सांगितलंत," ती म्हणाली. "किती नीट समजावून सांगितलंत."

तिच्या आवाजात कडवटपणा असता तर मला बरं वाटलं असतं. ती नुसतं समजून घेत होती, एकेक टाका मोजल्यासारखं.

"ठेवते, मॅडम," ती म्हणाली.

तिनं कोणतं मशीन घेतलं, ते मला माहीत नाही.